नवरदेवाकडचं गाव

क्लाराला परत आणायला म्हणून मी यंदा जानेवारीत भंडारा जिल्ह्यात जाऊन आले. वसईहून तिकडे सहसा कोणी जात नाही. आमच्याकडचे लोक फिरायला निघाले की वेळांकणी, गोवा, फार तर कुलू-मनाली. मी भंडाऱ्याला निघाले म्हटल्यावर शेजारणीने तिथे कोण आजारी आहे असं विचारलं.

क्लारा माझी एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली आणि सिस्टर व्हायला गेली. गेली पाच-सहा वर्षं ती अड्याळच्या पुढच्या एका गावात, तिघी सिस्टरांच्या छोट्या कॉन्व्हेंटमध्ये दवाखाना सांभाळते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायकांनी तसं बजावलंय, मी काय लिहीन याचा त्यांना भरवसा नाही.

आतापर्यंत तिची व्रतं वर्षावर्षाची होती. वर्ष संपलं की मुलगी घरी येऊ शकते, कोणी अडवत नाही. आता अखेरची व्रतं जवळ आली होती, आणि ती एकदा घेतली की कायमची. तिच्या संघात एक रीत आहे. विधवेची एकुलती मुलगी असेल तर व्रतांच्या दिवशी देवळाच्या दारात थांबवून आईला विचारतात, "आनंदाने देता का?" (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो.) आईने नाही म्हटलं तर मुलगी आत जात नाही. मी नाही म्हणायला निघाले होते. फोनवरही म्हणता आलं असतं, पण फोनवर क्लारा "बरं, आई" म्हणते आणि मग स्वतःला हवं तेच करते.

यात माझी थोडी अडचण होती. आमच्या पॅरिशच्या मासिकात मी वर्षानुवर्षं संत स्त्रियांच्या चरित्रांवर लेख लिहीत आले आहे. आपल्या मुलींनी यांचा आदर्श ठेवावा, असं जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहायची मला सवय. दुसऱ्यांच्या मुलींनी ठेवावा, असं स्पष्ट लिहायची गरज तेव्हा वाटली नव्हती. क्लाराचं नावही मी असिसीच्या संत क्लारावरून ठेवलं. ती घरातून पळून गेली, नातेवाईक तिला ओढून आणायला गेले, तेव्हा तिने वेदीला धरून ठेवलं आणि डोक्यावरचं वस्त्र काढून कापलेले केस दाखवले. नातेवाईक हात हलवत परत आले. माझ्या लेखात मी त्या नातेवाइकांना अडाणी म्हटलं होतं. गाडीत रात्रभर मला त्यांचीच आठवण येत होती.

भंडारा रोड ते गाव

सकाळी भंडारा रोडला उतरले. वसईला अशी थंडी फक्त ताप आल्यावर वाजते. क्लारा फलाटावर उभी होती, पांढऱ्या साडीवर राखाडी स्वेटर घालून. उन्हाने रापली होती. तिने माझी बॅग घेतली आणि सरळ डोक्यावर ठेवली. घरी असताना या मुलीने कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती.

बाहेर काळी-पिवळी जीप ठरवताना ती ड्रायव्हरला म्हणाली, "काहून एवढे पैसे मांगता जी? मले काय आज ओळखून राहिले?" मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी बोललं का म्हणून. ड्रायव्हर हसला आणि त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आजी कोन होय, सिस्टर?"

"माय होय माझी," क्लारा म्हणाली.

आजी हा शब्द मी प्रवासाच्या थकव्यावर ढकलला.

भंडारा, मग अड्याळ, मग आत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान कापलेली शेतं होती, आणि वाळल्या खुंटांमधून काहीतरी हिरवंगार वर आलेलं. ती लाखोळी, क्लाराने सांगितलं. धान उभं असतानाच ओल्या मातीत तिचं बी फेकतात. धान कापलं की ही डाळ आपोआप वर येते, नांगरणी नाही, पाणी देणं नाही. प्रत्येक गावाला एक तलाव होता. आमच्या वसईच्या बावखळांसारखा म्हणायला गेले, पण आमची बावखळं म्हणजे वाडीच्या कोपऱ्यातली तळी, आणि त्यातलीही बरीचशी आता इमारतींच्या पायाखाली गेली. इथला तलाव पाहायला मान फिरवावी लागते. मधोमध एक ढिवर डोंग्यात उभा राहून जाळं गोळा करत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"इथे तुला करमतं?" मी विचारलं.

"करमायला वेळ कुठे मिळतो," क्लारा म्हणाली. हे उत्तर मला आवडलं नाही, कारण त्यावर पुढे काही बोलता येत नव्हतं.

इहीनबाईचा मान

कॉन्व्हेंटच्या फाटकात दहा-बारा बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या, एकीच्या हातात परात. मी जीपमधून उतरले तशी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चपला काढल्या आणि परातीत माझे पाय धुवायला सुरुवात केली. मी क्लाराकडे पाहिलं. ती आभाळाकडे पाहत होती.

"बसा जी, इहीनबाई," पाय धुणारी बाई म्हणाली. हिचं नाव पुष्पाबाई, गावातल्या बचतगटाची पुढारी, आवाज मोठा. "पहिल्यांदाच येऊन राहिल्या तुमी. मान नको का कराले?"

इहीन म्हणजे विहीण. प्रकार असा झाला होता. व्रतं म्हणजे काय, असं बायकांनी क्लाराला विचारलं होतं, आणि तिने आपलं सोपं करून सांगितलं की हे लग्नासारखंच असतं, बोटात अंगठीसुद्धा घालतात. नवरदेव कोण, असं साहजिकच पुढे विचारलं गेलं. क्लाराने देवळातल्या क्रुसाकडे बोट दाखवलं. त्यावर बायकांनी बसून विचार केला. नवरदेवाचं घर म्हणजे ते देऊळ. देऊळ आपल्या गावात. नवरी लांबून त्याच्या घरी आली. म्हणजे गाव नवरदेवाकडचं, आणि वसईहून येणारी ती मुलीची आई आपली विहीण. संतांच्या चरित्रांत मी देवाशी झालेल्या लग्नाविषयी किती तरी वाचलं, लिहिलं. सिएनाच्या कॅथरीनला दृष्टान्तात अंगठी मिळाली, हे तर रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना चित्र काढून शिकवलं. पण त्या लग्नात वरपक्षाच्या बायका कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टर एल्सी केरळच्या. इतकी वर्षं इथे राहून त्यांची मराठी मल्याळी सुरात भंडाऱ्याची झालेली. त्या हळूच म्हणाल्या, "मी त्यांना सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. धर्माच्या दृष्टीने काही चुकत बी नाही, म्हणून मी गप राहिली."

दुपारी विहिणीची पंगत बसली. केळीच्या पानावर गरम भात, लाखोळीची डाळ, पाटवडीचा तांबडा रस्सा, तलावातले बोटभर मासे आणि वडे. मासे चवीला चांगले, पण काटे समुद्राच्या माशाला लाजवतील एवढे. मला पटापट काटे काढून खाताना पाहून बायकांमध्ये कुजबुज झाली. मग पुष्पाबाईंनी आग्रहाने एक वडा वाढला. तो नुसत्या हिरव्या मिरचीच्या ठेच्याने भरलेला होता. विहिणीची थट्टा करण्याची इथली रीत. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी तो वडा पूर्ण खाल्ला, चांगला झालाय म्हटलं, आणि आणखी एक मागितला. डोळ्यांतून पाणी आलं ते मी मुलीच्या आठवणीचं म्हणून खपवलं. मुलगी शेजारीच बसली होती, पण बायकांनी ते मान्य केलं.

या सगळ्यात एक बाई पंगतीला नव्हती. ओसरीच्या टोकाला भिंतीला टेकून, नऊवारी लुगड्यातली, साठीच्या पुढची, मुद्दाम बसल्यासारखी. मी विचारलं तर पुष्पाबाई म्हणाल्या, "ते सगुणाबाई. ते आमच्याकडची नाई. ते म्हनते मी मुलीकडची हाये."

"म्हणजे?"

"म्हंजे नवरदेवाचं जेवन ते जेवत नाई. तुमच्याकडून हाये ते."

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या गावात माझ्या बाजूचं एक माणूस होतं.

लाखोळीच्या वावरात

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईच मला घ्यायला आल्या. लाखोळीचे कोवळे शेंडे खुडून त्याची भाजी करतात. ती खुडायला चला म्हणाल्या. क्लारा दवाखान्यात होती. पूर्वी सगुणाबाईंच्या पायाला मोठी जखम झाली होती आणि क्लारा रोज त्यांच्या घरी जाऊन ती धुवायची, एवढं मला सिस्टर एल्सींनी सांगितलं होतं. तेव्हापासून बाईंनी तिला आपलीच मानलेली.

आम्ही तलावाच्या पाळीवरून त्यांच्या वावरात गेलो. शेताचे छोटे चौकोन, त्यांना बांधी म्हणतात, आणि मधून मातीचे धुरे. सगुणाबाई धुऱ्यावरून अनवाणी सरळ चालल्या. मी चपला घालून वाकडी.

खाली बसून दोघी शेंडे खुडायला लागलो. खुडता खुडता त्या म्हणाल्या, "घर पाह्यलं का तुमी?"

"कुणाचं?"

"ज्याले पोरगी देऊन राहिल्या त्याचं."

मी म्हटलं, ते घर जिवंतपणी कोणी पाहत नाही.

त्यांनी ते ऐकून घेतलं. "बरं. मंग आधी कोनी देल्या का पोरी त्या घरी?"

"पुष्कळ."

"त्याईचं कसं झालं?"

हा प्रश्न इतका सरळ होता की मला उत्तर द्यावंच लागलं. आणि या विषयावर माझ्याइतकं सविस्तर सांगणारं माणूस त्यांना भंडारा जिल्ह्यात मिळालं नसतं. मी सांगितलं. अ‍ॅग्नेस म्हणून एक होती, बारा-तेरा वर्षांची. मी याच घरी जाणार म्हणाली, म्हणून तिला तलवारीने मारलं. अ‍ॅगथा म्हणून होती, तिचे हाल सांगवत नाहीत. कॅथरीन जेवायचीच नाही, तेहेतिसाव्या वर्षी गेली. क्लारा, जिच्यावरून आमच्या मुलीचं नाव ठेवलं, तिने निम्मं आयुष्य अंथरुणावर काढलं. फ्रान्सची तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली.

सगुणाबाईंचा हात थांबला होता. "क्षयाने?"

"हो. आणि त्याआधी मठातल्या बायकांचा त्रास. धुणं धुताना समोरची सिस्टर हिच्या तोंडावर घाण पाणी उडवायची."

"जाऊ असन ते."

"तशीच समजा. तर ही तेरेजा बाजूला व्हायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुद्दाम तिच्याच समोर जाऊन बसायची."

"काहून?"

"सहन करायला."

"सासूनं सांगतलं असन."

"नाही. आपणहून."

सगुणाबाईंनी मूठभर शेंडे पदरात टाकले. "येडी होती पोट्टी."

"तिला चर्चने मोठी आचार्य म्हणून मान दिलाय," मी म्हटलं.

"मान मेल्यावर देला. जित्तेपनी दवा द्याची होती." आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. "एकाच घरी इतक्या पोरी देल्या, आन एकीचंबी धड झालं नाई. त्या घरी पोरगी नाई द्याची बाई."

माझं स्वतःचं मत अगदी हेच होतं. याच मतासाठी मी महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला राग आला. आमच्या घरच्या सुनांना नावं ठेवल्यासारखा राग. मी म्हटलं, सगळ्याच काही अशा नव्हत्या. आविलाची तेरेजा घ्या. तरुणपणी अंगातून वारं गेल्यासारखी पडून होती, पुढे उठली आणि म्हातारपणापर्यंत बैलगाड्या करून गावोगाव मठ काढत फिरली. चिखलात गाड्या अडकायच्या, नदीला पूर यायचा. ती देवाला स्पष्ट बोलायची. तुम्ही आपल्या माणसांना असं वागवता, म्हणूनच तुम्हाला माणसं कमी, अशा अर्थाचं ऐकवलं म्हणतात. तोंड पाडून भक्ती करणाऱ्यांचा तिला मनापासून कंटाळा.

"हे बाई बरी होती," सगुणाबाई म्हणाल्या. "मंग ते काहून नाई आली वापस?"

"कोणीच आली नाही."

"कोंडून ठेवते का?"

"नाही हो. क्लाराचंच बघा. वर्षाच्या वर्षाला ती येऊ शकत होती. कोणी अडवलं नसतं."

"आन नाई आली?"

"नाही आली."

हे मी त्यांना सांगत होते आणि स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होते. दर वर्षी दार उघडं होतं आणि दर वर्षी माझी मुलगी ते दार पाहून परत कामाला लागली होती. मला अतिशय वाईट वाटलं. ती तिथे सुखात असेल ही शंका मी आजवर मनात येऊ दिली नव्हती.

सगुणाबाई पदरातली भाजी चाळवत राहिल्या. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोरीचं घर आमी पाह्यलं होतं. पक्कं घर, तलावाखालचं वावर, बैलजोडी. सारं पाहून देली. ते आली होती वापस. दोनदा आली. मीच समजावून धाडली. तिसऱ्यांदा निरोपच आला." त्यांनी पदराची गाठ मारली. "हे पोरगी कोनाले द्या नका द्या, तुमची हाये. पन आली वापस त घ्यान ना तिले?"

"घेईन की."

"लोकं बोलतीन."

"बोलू दे."

त्यांनी मान हलवली आणि उठल्या. मीही उठले. मी घाईघाईने धुऱ्यावरून निघाले, आणि जिथे धुरा वळतो तिथे न वळता सरळ गेले. खालच्या बांधीत उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, चिखल करून ठेवला होता. मी त्यात बसले. पडले म्हणता येणार नाही, व्यवस्थित बसले, कमरेपर्यंत. सगुणाबाईंनी वरून पाहिलं. "चप्पल काढाले पाह्यजे होती," त्या म्हणाल्या.

पांढरी साडी

माझ्या दोन्ही साड्या आता धुण्यात होत्या, कारण दुसरीवर आदल्या दिवशी रस्सा सांडला होता. सिस्टर एल्सी माझ्याच मापाच्या. त्यांनी आपली एक साडी दिली. त्यांच्याकडे एकाच रंगाच्या असतात.

तर मी पांढरी साडी नेसून ओसरीवर बसले. संध्याकाळी दवाखान्यात आलेल्या एका बाईने माझ्यापुढे हात केला आणि म्हणाली, "सिस्टर, हे बोट पाहा न जी, पिकलं." मी पाहिलं. पिकलं होतं. मी तसं सांगितलं. ती समाधानाने आत गेली.

मला तेव्हा लापा आठवली. लापा म्हणजे सिएनाच्या कॅथरीनची आई. कॅथरीनवर मी तीन-चार वेळा लिहिलं असेल, लापावर कधीच नाही. चरित्रकारांनी तिला भांडखोर म्हणून दोन ओळींत गुंडाळलंय, आणि मीही त्यांचंच उतरवून घेतलं. मुलीने लग्न करावं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. मुलीने केस कापले, तर घरातली सगळी मोलकरणीची कामं तिच्या गळ्यात घातली. मुलगी उपास करून वाळत चालली, तर ही आरडाओरडा करायची. कोणत्या आईने केला नसता? शेवटी म्हातारपणी लापाने स्वतःच मुलीच्या पंथाचं वस्त्र घेतलं, आणि मुलगी गेल्यावरही ती जगत राहिली. संत तिच्या घरात होती, आणि संताच्या घरात राहणं म्हणजे काय ते फक्त तिलाच माहीत होतं. तिची मूर्ती मी कुठल्याच देवळात पाहिलेली नाही.

क्लारा दवाखाना बंद करून आली आणि मला पाहून दारातच थांबली. "तुला शोभते," म्हणाली.

"गप्प बस."

ती पायरीवर माझ्याजवळ बसली. तिच्या हाताला औषधाचा वास येत होता. मी म्हटलं, उद्या मी नाही म्हणणार आहे, तुला माहीत आहे ना?

"माहीत आहे. तू सुकेळी आणली नाहीस, तेव्हाच कळलं. मुक्कामाला आलेला माणूस खाऊ आणतो. तू भांडायला आलीस."

"मग?"

"मग नाही म्हण. मी आत जाणार नाही. पुन्हा एक वर्षाची व्रतं घेईन, पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील."

"आणि तेव्हाही नाही म्हटलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या वर्षी. दवाखाना तोच आहे."

मग तीच म्हणाली, "आई, एक सांगू? तुझे सगळे लेख मी वाचलेत. तुझ्या लेखात प्रत्येक आई शेवटच्या परिच्छेदात आनंदाने मुलीला देते. आधी रडते आणि मग तिचा चेहरा उजळतो. उद्या तसं करू नको. नाही म्हणालीस तर मी वर्षभर थांबेन. पण खोटं हो ऐकून मला आत जायचं नाही. 'तू मला एकटीला सोडून चाललीस' असं मनात ठेवून 'आनंदाने' म्हणालीस, तर ते मला जन्मभर टोचत राहील."

"एकटी तर मी होणारच आहे," मी म्हटलं. "घरात मी आणि फ्रीज. फ्रीज तरी आवाज करतो."

क्लारा रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, नाक वर ओढत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस अगदी बारीक कापलेले होते. मी पण रडले. सिस्टर एल्सींच्या साडीच्या पदराला नाक पुसलं, ते नंतर त्यांना सांगितलं नाही.

देवळाच्या दारात

सकाळी देवळापुढचा मंडप भरला. पुष्पाबाई आणि वरपक्षाच्या बायका हिरव्या-पिवळ्या साड्या नेसून दोन्ही बाजूंना रांगेने उभ्या. नागपूरकडून आलेले फादर आत वेदीपाशी थांबलेले. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या मुली गाणं म्हणत होत्या आणि त्यांची बाजाची पेटी एका स्वरात अडकत होती. मी स्वतःची साडी नेसले होते, अजून जराशी ओलसर. क्लारा माझा हात धरून चालत होती. दवाखान्यात लोकांची गळवं कापणारी मुलगी, पण माझा हात तिने लहान मुलासारखा घट्ट धरला होता.

सगुणाबाई माझ्या मागे चालत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मुलीकडच्यांनी मुलीबरोबर चालायचं असतं, असं त्यांनी सिस्टर एल्सींना सांगितलं, आणि सिस्टर एल्सींनी तेही चालवून घेतलं.

दारात आम्ही थांबलो. गाणं थांबलं. सिस्टर एल्सी पुढे आल्या आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मार्थाबाई, तुमची एकुलती एक मुलगी क्लारा हिला देवाच्या सेवेसाठी आनंदाने देता का?"

मी क्लाराकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती. कोणी काही म्हणालं तरी पाहत राहील अशी. दवाखान्यात काम करताना मी तिला दोन दिवस चोरून पाहिलं होतं, आणि तिथेही तिचा चेहरा असाच असायचा. मला तो चेहरा ओळखीचा नव्हता. तो तिने माझ्याशिवाय कमावला होता.

"आनंदाने नाही," मी म्हटलं.

मंडपात कोणीतरी खोकलं. क्लाराचा हात माझ्या हातात तसाच राहिला.

"आनंदाने देत नाही," मी पुन्हा म्हटलं. "पण देते. आणि कधी परत यावंसं वाटलं, तर माझ्या घरी यायला तिला कोणाची परवानगी लागणार नाही. मी का आलीस असं विचारणार नाही."

सिस्टर एल्सी गोंधळल्या. असं उत्तर त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते हो नव्हतं, आणि नाहीही नव्हतं. त्यांनी आत फादरांकडे पाहिलं. फादरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुष्पाबाईंच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण मुलीकडच्यांनी दारातच अट घालणं हे त्यांनी कुठल्या लग्नात पाहिलेलं नव्हतं.

तेव्हा माझ्या मागून सगुणाबाई पुढे झाल्या. त्यांनी क्लाराच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्याकडे नाही, सिस्टर एल्सींकडे पाहत.

"माझंबी तसंच हाये," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या आता पोरीले आत."